होल्कमांच्या घराची अट

देवाला स्मरून, आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता (माझ्यावर दडपण आणू शकतील अशी माणसे एक तर स्वर्गात आहेत, नाही तर ग्वेल्फला), मी सिसिलिया एझ्रा होल्कम, माहेरची तुस्कानो, जन्मगाव नंदाखाल, तालुका वसई, हल्ली राहणार व्हिटबी, ऑन्टॅरिओ, वय एकाहत्तर, निवृत्त नर्स, हे लिहून ठेवते. उजवा गुडघा सोडला तर तब्येत ठीक आहे. डोके शाबूत आहे. हे मी माझ्या मनाने म्हणत नाही, डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे.

हा मजकूर मी स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. वकीलबाई म्हणाल्या की स्वतःच्या अक्षरात असेल तर भाषा कोणतीही चालते, इंग्रजी भाषांतर त्या करून घेतील. घ्या करून. मी जन्मभर इंग्रजीत पेशंटशी बोलले आणि सासरच्यांशी बोलले, म्हणजे दोन्हीकडे जपून बोलले. आता तरी मला जपून बोलायचे नाही.

याच वर्षी जून महिन्यात मी केलेले मृत्युपत्र या लेखाने संपूर्णपणे रद्द समजावे. त्या मृत्युपत्रात मी घरावर एक अट घातली होती, आणि त्या अटीपायी माझा मुलगा युजीन माझ्याशी बोलेनासा झाला. ती अट काय होती, का घातली आणि का काढली, हे खाली लिहिले आहे. कोणाला फक्त वाटणी वाचायची असेल त्याने कलमे चाळावीत. मला मात्र सगळे सांगायचे आहे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी बियांका हिने करावी. ती ग्वेल्फला अन्नपदार्थ तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे. दुधात कोणी काय मिसळले आहे ते तिला एका दिवसात कळते, तेव्हा नातेवाईक काय मिसळतात तेही कळेल.

कलम २. घराविषयी, आणि ते माझे कसे झाले याविषयी.

माझी स्थावर मालमत्ता म्हणजे व्हिटबीच्या उत्तरेचे हे लाकडी घर. एके काळी याभोवती शेती होती. शेती विकली गेली, प्लॉट पाडून सबडिव्हिजन झाले, आणि आता आमच्या कुंपणाला लागून उन्मेष आणि अस्मिता यांचे विटांचे घर आहे. दोघेही पुण्याचे, दोघेही कॉम्प्युटरवाले. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

हे घर होल्कमांचे. (माझी मावशी शेवटपर्यंत “होळकर” म्हणायची आणि मला इंदूरला कधी नेतेस म्हणून विचारायची.) यांचे पूर्वज इंग्लंडातले कडक धर्माचे लोक. राजाचे चर्च त्यांना पटेना, म्हणून जहाजात बसले आणि समुद्र ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले. मेफ्लॉवर हे जहाज सगळ्यांना ठाऊक असते. होल्कम त्यातले नव्हेत, मागाहून आलेल्या एका जहाजातले. पण हे या घरात मोठ्याने बोलायचे नाही. पुढे मॅसॅच्युसेट्स सोडून नोव्हा स्कोशिया, तिथून ऑन्टॅरिओ. शेजाऱ्यांचा धर्म पुरेसा कडक नाही असे वाटले की हे सामान बांधायचे.

या लोकांना नाताळ मान्य नव्हता. पंचवीस डिसेंबर बायबलात कुठे लिहिलेला नाही, तो रोमवाल्यांनी घुसडलेला दिवस, असे त्यांचे म्हणणे. समुद्रापलीकडे आलेल्या पहिल्या मंडळींनी तो दिवस लाकडे तोडण्यात आणि घर बांधण्यात घालवला म्हणतात. पुढे बाकीच्यांची पोरेबाळे सुधारली, झाडे सजवू लागली. होल्कमांनी आणि त्यांच्या छोट्याशा मंडळीने (म्हणजे त्यांच्या पंथाच्या चर्चने) ती रीत सोडली नाही. पंचवीस डिसेंबरला घराचे काहीतरी काम काढायचेच. कुंपण म्हणा, छप्पर म्हणा, रंग म्हणा. तारीख रविवारी आली की मोठी पंचाईत, कारण रविवारी काम करणे पाप. मग ना सण ना काम, दिवसभर खुर्च्यांवर बसून एकमेकांची तोंडे पाहायची.

माझा नवरा एझ्रा मला या रीतीमुळेच भेटला. साल १९७०, नाताळचा दिवस. मी कॅनडात नवी, घरची आठवण येऊन रडून डोळे सुजलेले, आणि ड्यूटीवर. हा छपरावरून पडून पाय मोडून आला. सगळे डॉक्टर विचारत होते, अहो आज नाताळ, आज तुम्ही छपरावर काय करत होता? तो म्हणाला, “काम.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम्हीही तेच करताय.” पुढच्या वर्षी आमचे लग्न झाले.

सासूबाईंचे नाव पेशन्स. त्यांना पाहिल्यावर मला वाटले की हे नाव त्यांचे नसून मला दिलेला सल्ला आहे. बाई वाईट नव्हत्या. लग्नाला कॅथलिक चर्चमध्ये आल्या, डोळे मिटून बसल्या आणि संपल्यावर उघडले. पण लग्नानंतरचा पहिला नाताळ मी विसरणार नाही. आमच्या नंदाखालला त्या दिवशी सकाळपासून घरोघरी करंज्यांची ताटे फिरतात, दारात तारा, अंगणात गोठा, गोठ्यात बाळ येशू, नवे कपडे घालून चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना. मी ठेवणीतली साडी नेसून खाली आले. सासूबाईंनी माझ्या हातात रंगाचा ब्रश दिला आणि म्हणाल्या, “पोर्चचा कठडा.” मी साडी खोचली आणि कठडा रंगवला. रंगवताना मराठीत जे काही बोलले ते देवाने माफ केले असावे.

एझ्रा सुतार होता. पुढच्या वर्षी त्या दिवशी त्याने स्वयंपाकघराचा ओटा कापून खाली आणला, माझ्या उंचीला. सासरे जोसाया होल्कम यांनी हात फिरवून पाहिला आणि काम चांगले आहे म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षी खिडकीला रुंद फळी केली, माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीसाठी. मग भिंतीत कपाट केले, त्यात एक फळी नेमकी माझ्या मसाल्याच्या बाटल्यांच्या मापाची. काम त्यांच्या धर्माचे आणि वस्तू माझी, असे दर वर्षी. मला कळायला बराच वेळ लागला, मी काही फार हुशार बाई नाही. कळले तेव्हा मी त्याला थँक यू म्हणाले. तर म्हणतो, “कशाबद्दल? काम होतं.” मिस्सालाही तोच न्यायचा आणि पिकअपमध्ये हीटर लावून बाहेर बसायचा. ड्रायव्हिंगसुद्धा कामच आहे म्हणायचा. माणूस खोटे बोलत नव्हता आणि मला रडूही देत नव्हता.

मुले झाली तेव्हा सासूबाईंनी होल्कमांच्या जुन्या वळणाची नावे सुचवली, मुलासाठी “रिमेंबर” आणि मुलीसाठी “सायलेन्स”. मी तेव्हा टाके पडलेल्या अवस्थेत उठून बसले होते. नावे युजीन आणि बियांका ठेवली.

१९८८ साली सासरे वारले आणि त्यांचे मृत्युपत्र उघडले. घर एझ्राला, तो जिवंत असेपर्यंत. त्याच्यामागे मी असले तर मला, पूर्ण मालकीने. मात्र एझ्राच्या हयातीत या छपराखाली, पोर्चवर किंवा अंगणात कोणीही नाताळ सण म्हणून पाळल्याचे सिद्ध झाल्यास घर त्याच दिवसापासून मंडळीचे. ही अट माझ्यासाठीच होती, दुसरे कोण होते नाताळ पाळणारे? नजर ठेवायला एझ्राचा चुलत भाऊ अमोस, मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी. तो दर पंचवीस डिसेंबरला दुपारी सफरचंदाचा पाय (चालायचा नव्हे, भाजून खायचा) घेऊन यायचा, चहा प्यायचा आणि घरभर नजर फिरवायचा. वास घ्यायचा म्हटले तरी चालेल. मी चोवीस वर्षे त्या दिवशी मुद्दाम कोबी उकडला.

कलम ३. आकाशकंदिलाची हकिगत. हिच्याशिवाय घराचे कलम पुरे होत नाही.

२००६ साली उन्मेष आणि अस्मिता शेजारी राहायला आले. त्यांच्या दिवाळीच्या माळा जानेवारीपर्यंत उतरत नाहीत. रस्त्यावर सगळ्यांत लखलखाट या हिंदूंच्या घरी, आणि कॅथलिक बाईच्या घरी काळोख. उन्मेषला वाईट वाटले. त्याला अटीचे काही माहीत नव्हते. नाताळच्या सकाळी तो काकूंना सरप्राइज म्हणून शिडी घेऊन आला आणि उरलेला आकाशकंदील आमच्या पोर्चवर लावून गेला. पाच टोकांचा, चांदणीच्या आकाराचा, आत दिवा लावलेला. मी आणि एझ्रा मागच्या अंगणात लाकडे रचत होतो. पुढच्या दाराशी आला अमोस, पाय घेऊन.

आठ दिवसांनी मंडळीच्या सभागृहात आम्हाला बोलावले. एझ्राने इतकी वर्षे एकेक करून बनवलेले सगळे, माझा ओटा, माझी फळी, एका कागदी चांदणीपायी जाणार होते. उन्मेष स्वतःहून साक्षीला आला, सूट घालून. अमोसने विचारले, हा तारा कशाचा?

“दिवाळीचा,” उन्मेष म्हणाला.

“दिवाळी कधी होती?”

“ऑक्टोबरमध्ये, सर.”

“मग डिसेंबरात का लावला?”

“वेदर, सर. शिडीवर चढून उतरवायला थंडी वाजते.”

“बेथलेहेमच्या ताऱ्याशी याचा काही संबंध नाही?”

“सर, पुण्यात तुळशीबागेत घेतला.”

मग एका म्हाताऱ्याने विचारले की दिवाळी असते कोणाच्या नावाने. झाले. उन्मेषने लक्ष्मी, राम, नरकासुर, सगळे सविस्तर सांगितले. खरे बोलायला आला होता ना! सभागृहातली माणसे पांढरीची आणखी पांढरी झाली. मी डोळे मिटून घेतले. एझ्रा मात्र हसू दाबत होता, मला बाकावर हलणे जाणवत होते. अमोसने जोसायाचे मृत्युपत्र उघडून ते कलम पुन्हा वाचले. शेवटी म्हणाला, “जोसायाने मूर्तिपूजेबद्दल काही लिहिलेलं नाही. फक्त नाताळबद्दल लिहिलंय.” घर वाचले. बाहेर येऊन पिकअपमध्ये बसल्यावर एझ्रा इतका हसला की त्याला चावी लावता येईना, आणि मी आधी हसले आणि मग रडले.

त्यानंतर अस्मिताने मला तिच्या स्वयंपाकघराची किल्ली दिली. “काकू, आमच्या छपराखाली कोणाची अट नाही,” म्हणाली. मी डिसेंबरात तिच्याकडे जाऊन करंज्या तळायचे, तिच्याच टेबलावर खायचे आणि हात धुऊन घरी यायचे. एका वर्षी अमोसला माझ्या कोटाला तळणाचा वास आला. कसला वास, विचारतो. एझ्रा मान वर न करता म्हणाला, “शेजारी हिंदू आहेत, अमोस. त्यांचं कॅलेंडर मोठं आहे.”

कलम ४. अमोसविषयी. माझ्या फडताळात त्याच्या पायच्या थाळ्यांचा ढीग आहे. तो कधी परत नेत नसे आणि मी कधी देत नसे. त्या सगळ्या त्याला द्याव्यात. हे मी आधी वेगळ्या मनाने लिहिणार होते, आता चांगल्या मनाने लिहिते. या मार्चमध्ये एझ्रा झोपेतच गेला. पुरून आल्यावर अमोस माझ्याकडे आला, टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, “सिसिलिया, घर आता तुझं आहे. अट संपली. मला इथे यायला कधीच आवडलं नाही. आता मी त्या दिवशी घरी बसू शकतो.” आणि त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की मी त्याला खुर्ची दिली. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. मला वाटायचे की त्या अटीत एकटी मीच अडकले आहे.

कलम ५. माझे दफन. एझ्राशेजारी, मंडळीच्या दफनभूमीत. अमोसने परवानगी दिली आहे. तिथे थडग्यावर क्रूस चालत नाही, तर वर लावू नका, माझ्या हातात ठेवा. मिस्सा आमच्या चर्चमध्ये व्हावा. मंडळीतल्या कोणाला डोळे मिटून बसायचे असेल तर बसू द्यावे, त्यांची जुनी पद्धत आहे.

कलम ६. नंदाखालच्या वाडीतला माझा हिस्सा मी भाऊ फ्रँकलिन याच्या नावे सोडते. त्याने माझी खोली पाडून तिथे गॅरेज केले, आणि मला विचारले नाही. गाडी नीट ठेव म्हणावे.

कलम ७. बँकेतील ठेवी, माझी गाडी (विंटर टायरसकट), सोन्याच्या बांगड्या आणि माझ्या आईचे लाल चौकडीचे लुगडे बियांकाला. घर नको असे तिने स्वतः सांगितले आहे. तिचे शब्द असे: “मॉम, द फर्नेस इज ओल्डर दॅन मी.” (फर्नेस म्हणजे घर गरम ठेवायची तळघरातली भट्टी.) लुगडे कसे नेसतात ते तिला माहीत नाही. कपाटात ठेवून दिले तरी चालेल, पण त्याची उशी करू नये.

कलम ८. उन्मेष आणि अस्मिता यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असा कायदा आहे आणि मला साक्षीदार हेच हवेत. सबब बर्फ उडवायचा स्नोब्लोअर आणि करंज्यांचे कातण मी जिवंतपणीच दिले आहे. स्नोब्लोअर चालू करताना उन्मेषने आधी हातमोजे घालावेत, हे मी त्याला पुष्कळदा सांगितले आहे.

कलम ९. घराची वाटणी.

आता मुद्द्याचे.

एझ्रा गेल्यावर घर माझे झाले, आणि मला अक्षरशः काही सुचेना. स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने “हॅपी ख्रिसमस” म्हणाले, एप्रिल महिन्यात. काही झाले नाही, छप्पर पडले नाही. मग डोक्यात एकच विचार बसला. माझ्यामागे हे घर युजीनला जायचे. तो व्हॉनला एका मोठ्या गोदामाच्या देखभालीचे काम बघतो, हात बापाचा आहे, या घरावर त्याचा जीव आहे. पण तो मंडळीत जातो. कोणी ढकलले नाही, स्वतःच्या मनाने जातो. सगळे दिवस देवाचेच, एक दिवस वेगळा काढायचा नाही, असे त्याला खरेच वाटते. माझ्या पोटचा पोरगा पेशन्सबाईंच्या वळणावर गेला! म्हणजे मी मेले की या घरात पुन्हा काळोख. चाळीस वर्षे थांबून मला काय मिळाले, तर उरलेले चार नाताळ?

म्हणून जूनमध्ये मी अट घातली. घर युजीनला मिळेल. मात्र दर वर्षी पंचवीस डिसेंबरला पुढच्या खिडकीत गोठा मांडावा, पोर्चवर तारा लावावा, घरात सण करावा. एक वर्ष जरी चुकले तरी घर विकून पैसे चर्चला. वकीलबाई म्हणाल्या, असल्या अटींवरून पुढे कोर्टात भांडणे होतात. मी म्हटले, होऊ देत. ते वाक्य लिहिताना इतके बरे वाटले म्हणून सांगू! इतक्या वर्षांचे दाबून ठेवलेले सगळे त्यात ओतले.

युजीनला मी स्वतः वाचून दाखवले, याच स्वयंपाकघरात. त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाला, “ग्रँडपा सेड नो ख्रिसमस. यू से ख्रिसमस ऑर एल्स. व्हॉट्स द डिफरन्स, मॉम?”

मी म्हटले, फरक आहे. मी चांगली गोष्ट सांगते आहे.

“ही थॉट सो टू.” मग उठला. “आय वॉच्ड डॅड माय होल लाइफ. मला हे घर हवंय. बट नॉट विथ अ रूल इन इट.” तो मराठीत एवढेच बोलला, मधले चार शब्द. लहानपणी यायचे त्याला. मग त्याने आतून एक नजर घरावर फिरवली आणि गेला.

त्यानंतर फोन नाही. उन्हाळा गेला, थँक्सगिव्हिंग गेला. मी केला तर “बिझी, मॉम.” बियांकाला सांगितले, तुझ्या भावाला समजाव. ती म्हणाली, “मॉम, डू यू नो हू यू साउंड लाइक?” मी फोन ठेवला. कोणासारखी ते मला चांगले माहीत होते, म्हणून जास्त राग आला. पण अट काढली नाही. हट्टी मी पहिल्यापासूनच.

मग हा नाताळ आला, माझा या घरातला पहिला. मी काही बाकी ठेवले नाही. पुढच्या खिडकीत गोठा, पोर्चवर तारा, करंज्या, नारळाच्या वड्या, पोर्कचे कालवण, केक. बियांका आली, उन्मेष आणि अस्मिता आले, चर्चमधल्या वसईकर बायका आल्या. घरभर माणसे, गाणी, आणि तळणाचा वास लपवायला कोबी नाही. मी सारखी दाराकडे बघत होते हे सगळ्यांना दिसत होते. माझा मुलगा येणार नाही हे मला माहीत होते. त्याला बोलवायचे धाडसही मी केले नव्हते.

दुपारी मागच्या दाराने युजीन आत आला. कामाचे कपडे, हातात टूलबॉक्स. गोठ्याकडे पाहिले नाही, कोणाला हॅपी ख्रिसमस म्हणाला नाही. “बियांका सेज युवर नी इज बॅड. वॉशरूममध्ये धरायला बार लावतो,” असे म्हणून तो सरळ आत गेला. ड्रिल सुरू झाले. इकडे बायका मराठीत नाताळगीते म्हणताहेत आणि मधूनच भिंतीतून घर्रर्र आवाज. अस्मिताला हसू आवरेना. मी टॉवेल आणण्याच्या निमित्ताने उठून गेले.

तो गुडघ्यावर बसून बारचे माप घेत होता, नेमके माझ्या उंचीला. एझ्राही असाच बसायचा. मी दारात उभी राहिले, आणि मला धडकन कळले की या पोराला मी आज अट घालून बोलावले असते तर तो आला नसता. आला असता तर खिडकीत गोठा मांडून, घड्याळ बघून निघून गेला असता, आणि मी समोर बसून तो नीट मांडला की नाही ते बघितले असते. अमोसच्या खुर्चीत बसून! माझ्या छातीवरचे काहीतरी उतरले. इतके हलके मला एझ्रा गेल्यापासून वाटले नव्हते.

मी म्हटले, “युजीन, घर तुझं. अट काढली मी.”

ड्रिल थांबले. “ऑल ऑफ इट?”

“सगळी.”

“नो गोठा?”

“तुला हवं तर मांड, नको तर नको मांडू. सुतारकाम कर, झोपा काढ. तुझं घर.”

तो स्क्रू निवडू लागला. डोळे पुसले की काय ते मला नीट दिसले नाही, त्याचे तोंड भिंतीकडे होते. मग म्हणाला, “ओके, मॉम.”

सबब व्हिटबी येथील हे घर, त्याखालची जमीन, शेड, आणि शेडमधली एझ्राची सर्व हत्यारे, करवती, रंधे, पाणसळ, मी माझा मुलगा युजीन एझ्रा होल्कम यास पूर्ण मालकीने देते. त्याने ते ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे. पंचवीस डिसेंबरला त्यात काय करावे आणि काय करू नये याविषयी या मृत्युपत्रात एकही शब्द नाही. वकीलबाईंनी भाषांतरात चुकूनसुद्धा घालू नये.

हा मजकूर इथे संपायला हवा, पण एक गोष्ट राहिली. बार लावून झाल्यावर युजीन स्वयंपाकघरात आला, हाताला भिंतीची पांढरी भुकटी. ओट्याजवळ उभा राहिला. ताटातली एक करंजी उचलली, खाल्ली. दुसरी उचलली. सगळे बघत होते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, “धिस इज नॉट ख्रिसमस, मॉम. आय ॲम जस्ट हंग्री.”

मी म्हटले, “हो रे बाबा. हात धू आणि बस जेवायला.”

तो बसला.

वरील सर्व मी पूर्ण समजून-उमजून, चहा पीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहिले आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर, दोघेही एकाच वेळी हजर असताना, मी खाली सही करते.

सही: सिसिलिया एझ्रा होल्कम

आम्ही दोघांनी सिसिलियाकाकूंना सही करताना पाहिले, आणि त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर आमच्या सह्या केल्या. आतला मजकूर वाचू नका असे त्यांनी सांगितले होते. आम्ही वाचला.

साक्षीदार १: उन्मेष (शेजारी)
साक्षीदार २: अस्मिता (शेजारी)

स्थळ: व्हिटबी, ऑन्टॅरिओ, स्वयंपाकघराचा ओटा
दिनांक: २९ डिसेंबर २०१२, शनिवार